सुट्या ओळींचा खोका

चित्रकथेतलं माणूस किती बोलणार, हे त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात जागा किती आहे यावर ठरतं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. नगरला एका छापखान्याच्या माळ्यावर, चित्रकाराच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून मी ते शिकले.

मी लिहायचे, "आई, तू काहीही म्हण, मला आज शाळेत जायचंच आहे." चित्रकार पेन्सिलीचं टोक फुग्यावर टेकवून म्हणायचे, "हे पोरीच्या अंगावरून ओघळून खाली येईल. आखूड कर." मराठी अक्षराला वर मात्रा, खाली उकार. ते दाटून बसवता येत नाही. म्हणून आमची एक पद्धत पडून गेली. प्रत्येक फुग्यासाठी मी तीन ओळी द्यायच्या, एक आखूड, एक मध्यम, एक लांब. प्रत्येक ओळ कागदाच्या वेगळ्या पट्टीवर. चित्र शाईनं पक्कं झालं की त्यातली बसेल ती ओळ ते आपल्या सुबक अक्षरात लिहून फुग्यात चिकटवायचे. उरलेल्या पट्ट्या पेढ्यांच्या एका रिकाम्या खोक्यात जायच्या.

"टाकायच्या नाहीत," ते म्हणायचे. "ओळ आहे ती. कधी कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही."

छापखान्यात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले होते, मग दुकानांच्या पाट्या, मग ट्रकच्या पाठीवरचे मोर आणि कमळं. छापखान्याचा खरा धंदा लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिकांचा. चित्रकथांची पुस्तकं ही मालकांची हौस. सोळा पानांची, पातळ कागदाची, एसटी स्टँडवर वर्तमानपत्रांच्या शेजारी दोरीला टांगलेली असायची. मालकांना आम्ही सर म्हणायचो.

मी तिथं गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात. घरात मराठी बोलायचे, पण लिहायची वेळ आली की हात आपोआप इंग्रजीकडे वळायचा. अनोळखी माणसाशी तर मी कोणत्याच भाषेत धड बोलत नसे. दुकानात गेले तर बोटानं वस्तू दाखवायचे. नुकतीच घरोघर केबल आली होती आणि दुपारभर कार्टून लागायची. ती बघताना माझ्या मनात सारखं यायचं, की हे शब्द कुणीतरी लिहीत असेल. कुणीतरी एका खोलीत बसून उंदरानं काय म्हणावं हे ठरवत असेल. मला ते माणूस व्हायचं होतं. नगरमध्ये त्याच्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे हा माळा.

मी पोस्टानं एक गोष्ट पाठवली होती. इंग्रजीत लिहून मग स्वतःच मराठीत केलेली. सरांनी बोलावलं आणि काकांच्या हातात कागद दिले. काकांनी उभ्या उभ्या वाचलं.

"गोष्ट बरी आहे," ते सरांना म्हणाले. "पण ही पोरगी मराठी बोलते, का मराठीचा पेपर सोडवते?"

सर हसले. मी खाली बघत उभी राहिले.

"बोलत नाही," काका म्हणाले. "म्हणजे लिहील. राहू दे."

पुढची दोन वर्षं त्यांनी मला मराठी शिकवली असं म्हटलं तरी चालेल. माझ्या गोष्टींतल्या म्हाताऱ्या बायका "निश्चितच" म्हणायच्या, ते त्यांनी बंद केलं. "उद्या बाजारात जा आणि भाजीवालीच्या मागं उभी राहा," ते सांगायचे. "काही घेऊ नकोस. ऐक." मी जायचे. भाजीवालीनं गिऱ्हाइकाला काय सुनावलं ते लिहून आणायचे. ते ऐकून काका टेबलावर थाप मारायचे. मला जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते सगळं मी त्या पट्ट्यांवर बोलत होते, आणि ते पहिल्यांदा कुणीतरी लक्ष देऊन वाचत होतं. एका फुग्यासाठी तीन ओळी पुरे असायच्या. मी पाच-पाच, सहा-सहा द्यायचे.

त्यानंतर सरांना एका संस्थेचं काम मिळालं. ही संस्था साखर कारखान्यांवर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवायची. त्यांना या शाळांत आणि मुलांच्या गावच्या शाळांत फुकट वाटायला एक चित्रकथा हवी होती, मुलांच्याच आयुष्यातली. सर म्हणाले, जाऊन बघून ये.

मी श्रीगोंद्याच्या बाजूला एका कारखान्यावर गेले. थंडीचे दिवस होते. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीनं उभ्या होत्या, मध्ये बैल, चुली, वाळत घातलेले कपडे. बायका सकाळपासून तोडीला गेलेल्या. पायाला कोयता लागल्यामुळे त्या दिवशी एकच बाई मागे राहिली होती. पाथर्डी तालुक्यातली, लग्नानंतरही माहेरच्याच वस्तीवर राहणारी, पस्तिशीची असेल. तिनं मला बसायला पोतं दिलं आणि बराच वेळ नुसतीच माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी बोलाया आलात ना?" ती शेवटी म्हणाली. "मंग बोला की."

मी वही उघडली आणि काय विचारायचं तेच विसरले. तिला हसू आलं.

"ऱ्हाऊ द्या. मीच सांगती."

आणि तिनं मला लहानपणची एक गोष्ट सांगितली. ती दहा वर्षांची होती, चौथीत. दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून सगळी वस्ती तोडीला निघाली. तिला परीक्षा द्यायची होती.

"मी कनगीत जाऊन बसले. धान्याची कनगी, रिकामीच हुती. वरून झाकन वढून घेतलं. आईला वाटलं मी चुलत्याच्या गाडीत हाय, चुलत्याला वाटलं आईपाशी हाय. गाड्या गेल्या की! मंग मला लई भ्याव वाटलं. पर भाईर येईना. म्हनलं, भाईर आले का शाळा गेली."

"मग?"

"पयल्या मुक्कामाला कळलं त्यांना. बा रातभर चालत माघारी आला. झाकन काढलं, माझ्याकडं बघितलं. म्हनलं आता मारतोय. तर त्यानं हातातली बाटली फुडं केली. पानी पी म्हनला. मंग भिताडाला टेकून बसला, मान खाली घालून. लई येळ. मला वाटलं झोपला. आन् मंग इचारलं, परीक्षा कधी हाय?"

तिला चुलत आजीपाशी ठेवून वडील पुन्हा चालत गेले. ती चौथी पास झाली. पुढच्या वर्षी मात्र धाकट्या भावाला सांभाळायला तिला जावंच लागलं, आणि आता अक्षरं विसरली, असं ती म्हणाली.

मी सगळं लिहून घेतलं. हीच गोष्ट पुस्तकात घालू का, असं विचारलं. तिनं पायाच्या चिंधीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"घाला. पर एक हाय. माझ्या बाला वाईट दावू नगा. हितं समदे आमाला म्हनत्यात, ह्ये लोक आडानी, दारू पेत्यात, पोरांना शाळंत घालीत न्हाईत. माझा बा माळकरी हाय. उभ्या जन्मात त्यानं दारूचा वास घेतला न्हाई. गावात कनगीची गोष्ट समद्यांना ठावं हाय. पुस्तक आलं का वळखत्याल."

"नाही दाखवणार," मी म्हणाले.

"शपत?"

मी गळ्याला हात लावला. अशी शपथ मी आयुष्यात पहिल्यांदाच घेत होते. तिनं ते ओळखलं असावं, कारण ती पुन्हा हसली.

नगरला परत आल्यावर मी काकांना सगळं सांगितलं, शपथेसकट. ते म्हणाले, "बापाच्या गळ्यात माळ घालतो. मोठे मणी काढतो, लांबून दिसतील असे." आणि त्यांनी खरोखरच ती तीन चित्रं अशी काढली, की मी स्टूल पुढे ओढून ती परत परत बघत राहिले. पहिल्या चित्रात दारात उभा बाप, धुळीनं माखलेला, हातात पाण्याची काचेची बाटली, कागदावर कोरीच सोडलेली. दुसऱ्यात कणगीच्या कडेवरून डोकावणारी पोरगी. तिसऱ्यात भिंतीला टेकलेला बाप, मान छातीवर. तिसऱ्या चित्रासाठी मी पोरीला एकच छोटी ओळ दिली होती: "चालत आलात?"

त्याच पुस्तकात मी आणखी एक प्रसंग लिहिला होता. कारखान्यावर शेजारच्या कोपीत एक दारुडा, आणि त्याची मुलगी त्याला बोलते. तिच्यासाठीही नेहमीप्रमाणे तीन ओळी. "आई रडतेय." "आई रडतेय, बघा तरी." "आई तिकडे रडतेय आणि तुम्ही नुसते बसून आहात, लाज वाटत नाही का?" पण पानं सोळाच होती. हा प्रसंग बसेना, तो काढून टाकला. पट्ट्या खोक्यात गेल्या. संस्थेला मात्र कच्चा मजकूर आधीच गेला होता, आणि त्यांना नेमका तोच प्रसंग आवडला होता. हे मला नंतर समजलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी माळ्यावर गेले तर काकांनी माझ्यासाठी भेळ आणून ठेवली होती. असं ते कधी करत नसत.

"त्या दारुड्याच्या पोरीच्या ओळी होत्या ना," ते म्हणाले. "आणखी दे चार-पाच. वेगवेगळ्या मापाच्या."

"तो प्रसंग तर काढला."

"असू दे गं. पुढच्या पुस्तकाला लागतील. हात गरम आहे तोवर लिहून टाक."

मी भेळ खात लिहिल्या. "शेजारी काय म्हणतील?" "पुन्हा घेणार नाही असं म्हणा." "मी शिकणार, आणि तुमच्यासारखी होणार नाही." एकेक पट्टी ते हातात घेऊन मोठ्यानं वाचत होते.

"वा. आता बोलायला लागलीस," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तोंडातून शब्द निघत नव्हता हिच्या."

त्या दुपारी घरी जाताना मी रस्त्यात एका दुकानदाराशी आपणहून बोलले. पेन कुठलं चांगलं, वगैरे. इतकी मी खूश होते.

जूनमध्ये पुस्तक छापून आलं. खाली यंत्राजवळ गठ्ठे बांधणं चालू होतं. मी वरचं एक पुस्तक घेतलं आणि उभ्यानंच चाळलं. कणगीच्या पानावर आले. चित्रं तीच होती. दारात बाप, पण बाटली आता काळी होती, गळ्यापर्यंत शाईनं भरलेली. कणगीतून डोकावणारी पोरगी म्हणत होती, "शेजारी काय म्हणतील?" भिंतीला टेकलेल्या बापाच्या चित्रात तिचा फुगा मोठा केला होता. "आई तिकडे रडतेय आणि तुम्ही नुसते बसून आहात, लाज वाटत नाही का?" गळ्यातली माळ तशीच होती. मोठे मणी, लांबून दिसणारे.

मी जिना चढून वर गेले. काका कुठल्याशा लग्नपत्रिकेवरचा गणपती रंगवत होते.

"काका, हे काय?"

"आलं का छापून? दे बघू." त्यांनी पुस्तक घेतलं आणि नेमकं तेच पान उघडलं. "संस्थेला व्यसनमुक्ती पाहिजे होती. नाहीतर काम परत जात होतं. सरांनी आठवड्यात करून द्यायचं कबूल केलं. आठवड्यात नवीन तीन पानं कोण काढणार?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

मी म्हणाले, "मी शपथ घेतली होती. तुम्हाला माहीत होतं."

"अगं, त्या बाईला कोण वाचून दाखवणार आहे?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि हे बघ, सगळ्या ओळी तुझ्या आहेत. माझं एक अक्षर नाही यात. खोका काढ आणि ताडून बघ."

मी खरंच ताडून पाहिलं. पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या आणि पुस्तकाशी एकेक ओळ जुळवली. एकही शब्द बदललेला नव्हता.

"कशा बसल्यात बघ," काका म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे ते कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होते, हे मला आजही विसरता येत नाही. "जणू त्याच चित्रासाठी लिहिल्या होत्यास."

"बाटली?"

"ती तेवढी माझी."

"आणि माळ?"

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "अरे, ती राहिलीच," ते म्हणाले.

सर खाली म्हणाले, पुढच्या छपाईत बघू. गठ्ठे आदल्याच दिवसापासून बाहेर पडायला लागले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मी पुण्याला गेले आणि एका अॅनिमेशनच्या स्टुडिओत लिहायचं काम धरलं. तिथं आधी आवाज रेकॉर्ड होतो आणि मग त्या आवाजावर तोंडं हलवत चित्रं काढतात. एकदा आवाज पक्का झाला की चित्रकाराला शब्द उचलून दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाहीत. लोकांना वाटतं मी कार्टूनच्या आवडीनं तिकडे गेले. मी कुणाला काही सांगितलं नाही. तिथंही मला एकजण म्हणाला, जास्तीच्या दोन ओळी देऊन ठेव. मी म्हणाले, लागतील तेव्हा माग.

पण त्या आधी मला पाथर्डीला जायचं होतं. पुस्तकं पोचायच्या आत जाऊन त्या कणगीच्या बाईला सांगावं, एवढंच डोक्यात होतं, पण निघेपर्यंत आठवडा गेला. काय सांगणार होते ते ठरलेलं नव्हतं. माझ्या हस्ताक्षरातला मूळ मजकूर मी पिशवीत घातला, सोबत एक छापील पुस्तक. एसटीनं पाथर्डी, तिथून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर निम्मी दुसऱ्याची पिशवी होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाकडं?" मी वस्तीचं नाव सांगितलं.

"मास्तरीन हाय का?"

"नाही. लिहिते."

"काय लिवती?"

"पुस्तकं. मुलांची."

"मंजी मास्तरीनच," तो म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

ती घरासमोर शेळीला पाला टाकत होती. मला बघून तिनं हातातला पाला टाकला नाही, तसाच धरून उभी राहिली. तेवढ्यावरून मला समजलं की पुस्तक आलं आहे.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "शाळंत गुरुजींनी पोरांना वाटलं. माझी पोरगी पळत आली, आये, तुजी गोष्ट छापली. मी समद्या वस्तीला बोलवलं."

तिनं घरासमोर सतरंजी अंथरली होती. वडिलांना, ज्यांना वस्ती आबा म्हणते, सगळ्यांत पुढे बसवलं होतं. शेजारणींना चहा केला होता. सातवीतली मुलगी कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचत होती. कणगीचं पान आलं तशी वाचता वाचता थांबली.

"मला वाटलं, अक्षर लागंना तिला. मीच म्हनले, वाच की मोठ्यानं. तिनं वाचलं." बाई माझ्याकडे बघत नव्हती. "मंग मागून एकजन म्हनला, आबा, तवा माळ खुटीला टांगली हुती का? आन् समदे हसले."

"आबा कुठं आहेत?"

तिनं मानेनं मागे दाखवलं. घरामागे लिंबाखाली आबा बसले होते. कृश, ताठ, डोक्याला पटका. चार दिवस ते देवळासमोर गप्पांना गेले नव्हते. मी जवळ जाऊन उभी राहिले. आयुष्यभर मला शब्द सापडत नव्हते, पण त्या दिवसाइतके कधीच हरवले नव्हते. मी पिशवीतून हस्तलिखित काढलं.

"मी हे लिहिलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी बदललं. मी वाचून दाखवू?"

"वाच," आबा म्हणाले.

मी वाचलं. मोठ्यानं मराठी वाचताना मी अडखळते, तेव्हाही अडखळले. बाई आणि तिची मुलगी मागे येऊन उभ्या राहिल्या. "पाणी पी" या ओळीला आबांनी मान हलवली. "परीक्षा कधी आहे?" या ओळीला त्यांनी डोळे मिटले.

"आसंच हुतं," ते म्हणाले. मग विचारलं, "हे छापलंय?"

"नाही."

"मंग लोक कंचं खरं मानत्याल?"

मी पिशवीतून पांढऱ्या शाईची बाटली काढली. निघताना घेतली होती, बाटलीचं चित्र आणि फुगे पुसून टाकायला. बाईनं ती बघितली.

"नगं," ती म्हणाली. "पांढरं केलं का लोक आजून बोट लावून बघत्याल, खाली काय हुतं म्हनून."

मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"मला एक सांगा. ती लाज वाटत न्हाई का, ती वळ कुनी लिवली?"

"मी. पण ती दुसऱ्यासाठी होती. गोष्टीत शेजारी एक दारुडा होता, त्याच्या मुलीसाठी. तो भाग काढून टाकला होता."

"त्यो दारुडा कुनी सांगितला तुमाला? मी तर न्हाई सांगितला."

"कुणी नाही."

"कारखान्याच्या तळावर बघितला?"

"नाही. मीच केला."

तिनं जराशी मान तिरकी केली. रागावल्यासारखी ती दिसत नव्हती.

"मंजी तुमच्या बी डोक्यात त्योच हुता," ती म्हणाली.

येताना एसटीत मी काकांविरुद्ध कितीतरी वाक्यं जुळवली होती. ती सगळी होती तशी राहिली. काकांनी मला फसवलं होतं यात शंका नव्हती, आजही नाही. पण त्यांनी ती ओळ माझ्याच खोक्यातून काढली होती, आणि ती तिथं मी आधी टाकली होती.

आबांनी हात पुढे केला. "पुस्तक दे."

मी छापील पुस्तक दिलं. त्यांनी ते पान शोधलं, चित्रावर बोट ठेवलं.

"ह्याच्या खाली लिही, ह्यो बाप मी न्हाई. आन् तुजं नाव घाल."

पुस्तकावर माझं नाव नव्हतं. कव्हरवर फक्त छापखान्याचं आणि संस्थेचं होतं. मीच सरांना म्हणाले होते, नाव नको. मला बरं वाटत नसे नाव दिसलेलं. मी पेन काढलं आणि लिहिलं: "या चित्रातली दारूची बाटली खोटी आहे. हे वडील चालत आले होते आणि त्यांच्या हातात पाणी होतं. ही ओळ मी लिहिली, ती यांच्यासाठी नव्हती." खाली सही केली.

मुलीनं वाकून वाचलं. "आबा, बाईंनी सही इंग्रजीत केलीया."

"मंग कुनाला कळनार?" आबा म्हणाले.

मला मराठीत सही येत नव्हती. कधी केलीच नव्हती. मी इंग्रजी सहीच्या खाली माझं पूर्ण नाव सुट्या अक्षरात लिहिलं, शाळेच्या वहीवर लिहितात तसं. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं. आबांनी पुस्तक घेतलं, शाई वाळेपर्यंत तसंच उघडं मांडीवर धरलं.

"वस्तीत किती पोरांना दिली?" त्यांनी नातीला विचारलं.

"लई. घरटी हायती."

"जा, घिऊन ये."

ती पळाली. थोड्या वेळानं पोटाशी पुस्तकांचा ढीग धरून आली, तिच्यामागे वस्तीतली काही मुलं आणि दोन-तीन बायाही आल्या. आबांची चेष्टा करणारा माणूसही असावा, मला ओळखता आलं नसतं. बाईनं जमिनीवर पोतं अंथरलं. मी बसले. ती एकेक पुस्तक उघडून माझ्यासमोर त्या पानावर धरत होती आणि मी त्याच तीन ओळी, तेच नाव लिहीत होते. जिल्ह्यातल्या बाकीच्या वस्त्यांवर, बाकीच्या तालुक्यांत किती पुस्तकं गेली होती ते मला माहीत नव्हतं, आणि तिथं मी जाणार नव्हते.

"शेवटची जीप जाईल," मुलगी म्हणाली.

"जाऊ दी," बाई म्हणाली आणि पुढचं पुस्तक उघडलं.